लोककथांवर ‘मुलांसाठी’ हा शिक्का कधी बसला?

सिंड्रेला, स्नो व्हाइट, रॅपन्झेल यांच्या गोष्टी नव्याने सांगणाऱ्या कादंबऱ्यांचा गेल्या तीस-चाळीस वर्षांत पूर आला आहे. काही कुमारवयीन वाचकांसाठी निघतात, काही निव्वळ मोठ्यांसाठी. मोठ्यांच्या पुस्तकांवर एक आक्षेप हमखास येतो: मुलांच्या निरागस गोष्टींत सूड, रक्त, शरीर हे सगळं कशाला घुसडायचं? हा आक्षेप घेणाऱ्यांनी गृहीत धरलेलं असतं की या गोष्टी मुळात मुलांच्याच होत्या. त्या मुलांच्या कशा झाल्या, हे पाहायचं तर एकोणिसाव्या शतकातल्या ग्रिम बंधूंच्या जर्मन संग्रहाच्या आवृत्त्या समोर ठेवाव्या लागतात.

त्याआधीचं थोडक्यात. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेला ‘कथासरित्सागर’ एका राणीचं मन रमावं म्हणून लिहिला गेला. त्यातली फसवणूक, प्रेमप्रकरणं आणि वेताळाचे पेच प्रौढ श्रोत्यांचे आहेत. ‘पंचतंत्रा’चे श्रोते राजपुत्र, पण विषय राजकारण. 1634 ते 1636 या काळात नेपल्समध्ये निघालेल्या पन्नास कथांच्या संग्रहाने शीर्षकात ‘लहानग्यांची करमणूक’ असं म्हटलं खरं, मात्र तो होता दरबारी मंडळींसाठी. त्यातली झोपलेली राजकन्या झोपेतच जुळ्यांना जन्म देते. त्यातलं एक मूल दूध शोधताना तिचं बोट चोखतं, बोटातला जवसाचा तुसा निघतो आणि ती जागी होते. 1697 साली पॅरिसमध्ये छापलेल्या कथा सलॉनमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या साहित्यिक बैठकींत, जमणाऱ्या सुशिक्षित स्त्री-पुरुषांच्या संस्कृतीतून आल्या. तिथल्या लाल टोपीवाल्या मुलीला लांडगा खातो आणि गोष्ट तिथेच संपते. तिला सोडवायला कोणी येत नाही.

मुलांच्या दिशेने पहिलं ठळक वळण 1756 चं. ‘सुंदरी आणि पशू’ ही कथा 1740 मध्ये फ्रेंचमध्ये भल्यामोठ्या प्रौढ कादंबरीच्या रूपात आली होती. लंडनमध्ये राहणाऱ्या एका फ्रेंच शिक्षिकेने ती कापून छोटी केली आणि मुलींच्या शिक्षणासाठीच्या पुस्तकात घातली. आज सगळ्यांना ठाऊक आहे ती ही छोटी आवृत्ती.

आता मुख्य प्रकरण. जर्मनीतल्या कासेल इथल्या याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या दोघा विद्वान भावांनी 1812 च्या डिसेंबरात 86 कथांचा पहिला खंड काढला आणि 1815 मध्ये 70 कथांचा दुसरा. शीर्षकात ‘मुलांच्या आणि घरातल्या कथा’ असे शब्द होते. पहिला खंड एका कवी-मित्राच्या पत्नीला, तिच्या तान्ह्या मुलासाठी, अर्पण केलेला होता. आत मात्र विद्वत्तापूर्ण टिपा होत्या, चित्र एकही नव्हतं, आणि कत्तलखान्याचा खेळ खेळताना एक मूल दुसऱ्याचा गळा चिरतं अशीही एक कथा होती. तिच्यावरून त्या कवी-मित्रानेच तक्रार केली. थोरल्या भावाने उत्तर दिलं की पुस्तक मुलांसाठी म्हणून लिहिलेलंच नाही. मुलांना आवडलं तर आनंदच आहे. त्याला जुनं लोकवाङ्मय नष्ट होण्याआधी कागदावर आणायचं होतं. धाकट्याचा कल वेगळा होता आणि पुढच्या आवृत्त्यांवर मुख्यतः त्याचाच हात फिरला.

1819 च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी उघडच सांगितलं की बालवयाला न शोभणारा प्रत्येक शब्दप्रयोग काळजीपूर्वक गाळला आहे. या कथांच्या इतिहासातला सर्वांत वादग्रस्त निर्णय माझ्या मते हाच. काय गाळलं आणि काय ठेवलं, हे ओळीला ओळ लावून पाहिल्याशिवाय त्याचं स्वरूप कळत नाही.

रॅपन्झेलची गोष्ट घ्या. 1812 मध्ये मनोऱ्यातली ही मुलगी आपल्याला कोंडून ठेवणाऱ्या म्हातारीला निरागसपणे विचारते, माझे कपडे इतके घट्ट का होऊ लागलेत, आता मला बसतच नाहीत. राजपुत्र रोज वर चढत होता हे त्या प्रश्नावरून म्हातारीला कळतं आणि वाचकालाही. पुढच्या आवृत्त्यांत तो प्रश्न गेला. त्याऐवजी रॅपन्झेल विचारते, राजपुत्र एका क्षणात वर येतो, मग तुला ओढून घेताना इतका जड भार का लागतो? पहिल्या रूपात आपल्या शरीरात काय घडतंय हे न समजणारी पोर होती. दुसऱ्यात बोलण्याचं भान नसलेली वेंधळी मुलगी उरली. गर्भारपणाचा उल्लेख पुसला, पण शेवटी ओसाड रानात तिच्याजवळ जुळी मुलं आहेतच. ती कुठून आली, याचं उत्तर कथेत आता कुठेच नाही.

आईचं तसंच झालं. 1812 च्या स्नो व्हाइटमध्ये मुलीच्या रूपावर जळणारी, तिचं काळीज आणायला सांगणारी राणी तिची सख्खी आई होती. 1819 मध्ये ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडून या म्हणणारी बाई 1840 च्या चौथ्या आवृत्तीत सावत्र आई झाली. याच्या समर्थनार्थ असं म्हटलं जातं की बाळंतपणात बायका दगावण्याच्या त्या काळात सावत्र आई घरोघरी होती आणि अशा कथा लोकांत होत्याच. ते खोटं नाही. तरीही दुष्काळात सख्खी आईसुद्धा पोटच्या पोरांवर उलटू शकते, हे त्या पहिल्या पाठात होतं आणि ते गेलं. मुलांना आईचं पावित्र्य दाखवायचं म्हणून एक अख्खी नातेवाचक भूमिका खलनायिका ठरली. तिचा भार पुढच्या कितीतरी पिढ्यांतल्या खऱ्या सावत्र आयांनी वाहिला, आणि हा भाग मला अन्यायाचा वाटतो.

या संस्करणात हिंसा मात्र कमी झाली नाही. सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरं टोचून काढतात, हा शेवट 1812 मध्ये नव्हताच. तो 1819 मध्ये घातला गेला. स्नो व्हाइटच्या राणीला तापलेल्या लोखंडी बुटांत मरेपर्यंत नाचवतात, तो प्रसंग शेवटपर्यंत कायम राहिला. गळा चिरण्याची कथा वगळली, दुष्काळात मुलींना मारून खायला निघालेल्या आईची वगळली, पण वाईटाला झालेली क्रूर शिक्षा बालवाचनाला योग्य मानली गेली. म्हणजे गाळणी लावली ती मुख्यतः शरीरसंबंध, गर्भारपण आणि आईबापांचा दोष यांना.

गोष्टी लोकांच्या तोंडून जशा ऐकल्या तशाच लिहिल्या, हा भावांचा दावाही पूर्ण खरा नाही. गोष्टी सांगणाऱ्यांत कासेलमधल्या सुखवस्तू घरांतल्या शिकलेल्या तरुण मुली बऱ्याच होत्या आणि काहींच्या घरात फ्रेंच वारसा होता. संग्रहातली एक महत्त्वाची कथनकर्ती म्हातारी मोलकरीण समजली जात असे. ती प्रत्यक्षात अशीच एक तरुणी होती, हे 1970 च्या दशकात एका जर्मन अभ्यासकाने दाखवून दिलं. ‘मांजर आणि बूट’ आणि ‘निळी दाढी’ या कथा 1819 मध्ये वगळल्या गेल्या, कारण त्यांचं फ्रेंच मूळ फारच उघड होतं.

बाजाराने उरलेलं काम केलं. 1823 मध्ये लंडनला निघालेल्या सचित्र इंग्रजी भाषांतराचं यश पाहून भावांनी 1825 मध्ये निवडक 50 कथांची, त्यांच्या आणखी एका, चित्रकार भावाच्या चित्रांची स्वस्त छोटी आवृत्ती काढली. 1858 पर्यंत तिच्या दहा आवृत्त्या झाल्या आणि घराघरांत पोचली ती हीच. मोठा संग्रह 1857 च्या सातव्या आवृत्तीत 200 कथा आणि 10 धर्मकथांवर स्थिरावला.

कोपनहेगनच्या हान्स ख्रिश्चन अँडरसन या कथाकाराचा प्रवास नेमका उलटा. 1835 च्या पहिल्या पुस्तिकांवर त्याने ‘मुलांना सांगितलेल्या’ असं छापलं होतं. 1840 च्या दशकातल्या नव्या कथांवरून ते शब्द काढून टाकले. आपलं ऐकणाऱ्या मुलाच्या मागे मोठं माणूसही बसलेलं असतं, ही त्याची जाण होती. वाचकांनी मात्र त्याला मुलांच्याच कपाटात ठेवलं.

विसाव्या शतकात ही विभागणी सिनेमाने पक्की केली. स्नो व्हाइटवरच्या 1937 च्या अमेरिकन कार्टूनपटात लोखंडी बूट गेले आणि चुंबनाने जाग आली. जर्मन कथेत चुंबन नाहीच. शवपेटी नेणारे अडखळतात, धक्का बसतो आणि घशातला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1939 मध्ये, ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाने स्कॉटलंडमधल्या व्याख्यानात ठणकावून सांगितलं की परीकथा आणि मुलं यांची सांगड हा निव्वळ घरगुती इतिहासातला अपघात आहे. मोठ्यांनी टाकलेलं जुनं फर्निचर मुलांच्या खोलीत जावं तशी. मला ते मांडणं अजूनही सर्वांत नेमकं वाटतं. 1976 च्या एका गाजलेल्या मानसशास्त्रीय पुस्तकाने उलट मुलांना या कथांची, त्यांतल्या भीतीसकट, गरज असते असं म्हटलं. दोघांत वाद आहे असं मानतात, पण गुळगुळीत केलेली गोष्ट कोणाच्याच कामाची नाही, इथे दोघंही येऊन पोचतात.

1970 च्या दशकातल्या स्त्रीवादी लेखिकांनी याच गाळलेल्या जागा भरल्या. इंग्लंडमधल्या एका लेखिकेचा 1979 चा कथासंग्रह या लाटेतला सर्वांत प्रभावी. लाल टोपीवाली मुलगी लांडग्याला घाबरतच नाही, ‘निळी दाढी’तल्या खुनी नवऱ्याच्या बायकोला सोडवायला तिची आई घोड्यावरून दौडत येते. आई परत सख्खी झाली आणि सोबत बंदूकही घेऊन आली. 1990 च्या दशकात अमेरिकेत मोठ्यांसाठी अशा पुनर्कथनांच्या संकलनांची मालिका निघाली, मग कुमार-कादंबरीची बाजारपेठ उभी राहिली, आणि आज एकाच कथेचं बारा वर्षांच्या, सोळा वर्षांच्या आणि चाळिशीतल्या वाचकासाठी वेगळं पुस्तक मिळतं.

1812-15 च्या पहिल्या आवृत्तीचं पूर्ण इंग्रजी भाषांतर व्हायला 2014 उजाडलं, म्हणजे दोनशे वर्षं. पुढच्याच वर्षी बव्हेरियातल्या एका संग्राहकाच्या, दीडशे वर्षं रेगेन्सबुर्गच्या अभिलेखागारात पडून राहिलेल्या कथांची निवड इंग्रजीत आली. त्यात संकटात सापडून सुटकेची वाट पाहणारे मुलगे आहेत आणि त्यांना सोडवणाऱ्या मुलीही. भाषा खडबडीत, कथा तुटक, आणि ‘मुलांसाठी’ म्हणून कुणी त्या आवृत्तीमागून आवृत्ती घासून घेतलेल्या नाहीत. कोणती कोणाला वाचून दाखवायची, हे त्या वाचणाऱ्याने एकेक वाचूनच ठरवायचं आहे.