भेटीची फाइल वेगळी, खावटीची वेगळी

'खावटी भरत नाही, मग मुलाला कशाला भेटू देऊ?' आणि 'मुलाला भेटू देत नाही, मग खावटी कशाला भरू?' कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात ही दोन वाक्ये कायम ऐकू येतात. कायद्याने मात्र या गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. खावटी थकली म्हणून भेट बंद करता येत नाही आणि भेट नाकारली म्हणून खावटी थांबवता येत नाही. दोन्हींवर हक्क मुलाचा आहे. तरी भांडणात त्या एकमेकींवर उगारल्या जातात.

मुळात या दोन वाटा निघाल्याच वेगळ्या ठिकाणांहून. मुलाच्या ताब्याची, आणि तिच्याच पोटातल्या भेटीची, वाट 1890 च्या पालक आणि पाल्य अधिनियमातून निघाली. वडील हयात असतील आणि अपात्र नसतील, तर न्यायालयाने दुसरा पालक नेमायचा नाही, असे त्यात होते. त्या ओळीत वडिलांच्या जोडीला आई यायला 2010 साल उजाडले. मधल्या काळात, 1956 साली, हिंदू कुटुंबांपुरता वेगळा कायदा आला. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे राहील, पण नैसर्गिक पालक आधी वडील, अशी त्याची मांडणी. खावटीची वाट फौजदारी. सोडून दिलेल्या बायकामुलांवर उपासमारीची पाळी येऊ नये, एवढाच तिचा हेतू होता आणि रकमाही तशाच तुटपुंज्या. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम 125 खाली, महिन्याला कमाल 500 रुपये. हे 500 आई आणि मुले सगळ्यांचे मिळून की प्रत्येकाचे, यावरही वाद झाला आणि 'प्रत्येकाचे' हे उत्तर मिळाले 1978 साली. मर्यादा पूर्ण उठली ती 2001 मध्ये. अंतरिम, म्हणजे अंतिम आदेश होईपर्यंतच्या तात्पुरत्या, खावटीच्या अर्जाचा निकाल शक्यतो नोटीस बजावल्यापासून 60 दिवसांत द्यावा, ही तरतूदही त्याच दुरुस्तीतली.

हे 60 दिवस बहुतेकांना कागदावरच दिसले. म्हणून खरा प्रश्न झाला तारखेचा. खावटी अर्ज केला त्या दिवसापासून मोजायची की आदेश झाला त्या दिवसापासून? कलम 125 मध्ये दोन्हींना जागा होती. त्यामुळे एका न्यायालयात अर्जाची तारीख धरली जाई, दुसऱ्यात आदेशाची. ऐकायला ही तांत्रिक बाब वाटते. पण अर्ज केला तेव्हा मूल बालवाडीत आणि आदेश झाला तेव्हा चौथीत असेल, तर मधल्या सगळ्या वर्षांची फी, दूध, औषधे, गणवेश एकट्या आईच्या पगारातून, किंवा आजोबांच्या पेन्शनमधून गेलेले असतात. आदेशाच्या तारखेपासून मोजले की ती वर्षे हिशेबातून पुसली जातात आणि जितक्या तारखा पडतील तितका पैसे देणाऱ्याचा फायदा होतो. माझ्या मते या साऱ्या इतिहासात मुलांवर झालेला सर्वात मोठा अन्याय हाच आहे.

नागपुरातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात नोव्हेंबर 2020 मध्ये या तारखेच्या प्रश्नाचा निकाल लागला. मूल तान्हे असताना 2013 साली सुरू झालेला तो अंतरिम खावटीचा वाद सात वर्षे चालला होता. यापुढे खावटी अर्जाच्या तारखेपासूनच मोजायची, असे देशभरासाठी ठरले. सोबत आणखी एक मोठा बदल झाला. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता, कर्जे आणि खर्च यांचे ठरावीक नमुन्यातले प्रतिज्ञापत्र द्यायचे. त्याआधी पगाराची स्लिप मिळवण्यातच वर्ष जायचे. नवरा उत्पन्न लपवतो आणि बायको गरजा फुगवते, ही तक्रार त्या निकालातही नोंदलेली आहे. वसुलीची अडचण मात्र उरली. थकबाकीसाठी वॉरंट मागायचे तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तुरुंगवास भोगला तरी देणे फिटत नाही.

भेटीच्या बाजूला एवढीही स्पष्टता आलेली नाही. 2015 साली गोव्यातल्या एका प्रकरणात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा आईकडे सोपवला गेला. आई अपात्र आहे हे सिद्ध करण्याचा भार वडिलांवर, असे तेव्हा सांगितले गेले. त्याच वर्षी कायदासुधारणा सुचवणाऱ्या आयोगाने संयुक्त ताब्याची कायद्यात सोय करावी, अशी शिफारस केली. संसदेने अजून तसा कायदा केलेला नाही. जानेवारी 2020 मध्ये प्रत्यक्ष भेटीखेरीज फोन आणि व्हिडिओ कॉलवरचा संपर्क हाही हक्क मानला गेला. दोनच महिन्यांत टाळेबंदी आली आणि कित्येक घरांत मुलाचे तोंड दिसायला तेवढीच एक खिडकी उरली.

आदेश साधारण ठरलेले असतात: महिन्यातले दोन शनिवार, दिवाळीची आणि मे महिन्याची अर्धी सुट्टी, वाढदिवसाचे काही तास. पाळले नाहीत तर अंमलबजावणीचा किंवा अवमानाचा अर्ज, म्हणजे पुन्हा तारखा. तोवर मूल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच रुळते. मग 'आता त्याला हलवू नका' हा युक्तिवाद उभा राहतो, आणि तो खराही असतो, कारण मधली वर्षे खरोखरच गेलेली असतात. थकलेली खावटी अर्जाच्या तारखेपासून मोजून मागता येते. हुकलेल्या शनिवारांची भरपाई कशी करायची, हे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही; ती त्या त्या न्यायाधीशाच्या मर्जीवर राहते.

1 जुलै 2024 पासून कलम 125 ची जागा नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या कलम 144 ने घेतली. ताब्याचा अर्ज आजही 1890 च्याच कायद्याखाली होतो.