रिकव्हरी ड्रिंकमधला कार्ब-प्रोटीनचा मेळ

व्यायाम संपल्यावर शरीरातलं खर्च झालेलं इंधन भरून काढायला आणि स्नायूंची डागडुजी व्हायला जे पेय घेतात त्याला रिकव्हरी ड्रिंक म्हणतात, आणि त्यात कार्ब किती, प्रोटीन किती घालायचं त्याचा हिशोब म्हणजे हा मेळ. तो बहुतेक ठिकाणी गुणोत्तरात सांगतात, ३ ला १ किंवा ४ ला १, म्हणजे दर ३-४ ग्रॅम कार्बमागे १ ग्रॅम प्रोटीन. नाशकात सायकलवाले, पळणारे, जिमवाले आणि तालमीतले पहिलवान असे चारही प्रकारचे लोक भरपूर आहेत आणि चौघांनाही हाच आकडा सांगितला जातो, जे बरोबर नाही, कारण गुणोत्तराच्या आधी एक साधी गोष्ट बघायला पाहिजे: पुढचा व्यायाम किती तासांनी आहे? सहा तासांनी असेल तर हिशोब वेगळा, परवा असेल तर वेगळा.

शरीरात नक्की काय होतं

आपण खाल्लेले कार्ब शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं, लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ३०० ते ५०० ग्रॅम, माणूस किती धिप्पाड आणि किती सरावातला त्यावर. दीड-दोन तास जोरात सायकल मारली की पायाच्या स्नायूंमधला साठा बराच खाली येतो आणि मग चढावर पाय एकदम जड होतात. वेट ट्रेनिंगमध्ये एवढं होत नाही, ज्या स्नायूचा व्यायाम केला त्यातलं साधारण २५ ते ४० टक्के ग्लायकोजेन वापरलं जातं, बाकी शरीरातलं बऱ्यापैकी शिल्लक असतं.

व्यायामानंतर लगेचच्या वेळात स्नायू साखर ओढून घ्यायला तयार असतात. साखर आत घेणारे ग्लुट-४ नावाचे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर आलेले असतात आणि ग्लायकोजेन बनवणारं एन्झाइम पण जोरात काम करत असतं. टेक्सासमधल्या जॉन आयव्ही यांच्या टीमने १९८८ मध्ये दाखवलं की कार्ब लगेच न देता दोन तास उशिरा दिले तर त्यानंतरच्या तासांमध्ये साठा भरायचा वेग जवळपास निम्म्यावर येतो. यावरूनच 'अर्ध्या तासाच्या आत प्यायलाच पाहिजे' हा समज सगळीकडे पसरला. पण नंतरच्या अभ्यासांमध्ये हे पण दिसलं की दिवसभरात पुरेसे कार्ब पोटात गेले तर ८ तासांनी किंवा २४ तासांनी लगेच घेणारा आणि उशिरा घेणारा दोघांचा साठा सारखाच भरतो. म्हणजे घाई त्यालाच आहे ज्याला त्याच दिवशी परत पळायचंय.

प्रोटीनचं काम वेगळं, ते इंधन नाही, ते स्नायूंच्या बारीक तुटफुटीची दुरुस्ती करतं आणि नवीन प्रोटीन बांधतं. त्यासाठी एका वेळी २० ते २५ ग्रॅम चांगलं प्रोटीन पुरतं, वजनाच्या हिशोबाने सांगायचं तर किलोमागे ०.२५ ते ०.३ ग्रॅम, आणि त्यात ल्युसीन नावाचं अमिनो अॅसिड २-३ ग्रॅम असलं की बांधणीचं काम नीट सुरू होतं. व्यायामानंतर स्नायू निदान २४ तास प्रोटीनला चांगला प्रतिसाद देतात, त्यामुळे जिममधून घरी येईपर्यंत शेक हुकला म्हणून मेहनत वाया गेली असं अजिबात होत नाही.

हे ३ ला १ आलं कुठून

१९९२ मध्ये आयव्ही यांच्याच प्रयोगशाळेत सायकलस्वारांना ११२ ग्रॅम कार्बबरोबर साधारण ४१ ग्रॅम प्रोटीन दिलं आणि नुसत्या कार्बपेक्षा ग्लायकोजेन ३८ टक्के वेगाने भरलं असं दिसलं. ११२ ला ४१ म्हणजे पावणेतीनला एक. पुढे कंपन्यांनी ४ ला १ वाल्या पावडरी बाजारात आणल्या आणि आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसला. पण त्या प्रयोगात एक मोठी गोम होती, प्रोटीनवाल्या पेयात कॅलरीच जास्त होत्या, मग फायदा प्रोटीनचा की जास्तीच्या कॅलरीचा हे कसं कळणार? नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी २००० मध्ये हे जरा सोडवलं: तासाला किलोमागे ०.८ ग्रॅम कार्ब घेतले तर त्यात ०.४ ग्रॅम प्रोटीन घातल्याने वेग वाढतो, पण मुळातच १.२ ग्रॅम कार्ब घेतले तर तेवढाच वेग प्रोटीनशिवाय मिळतो.

मला हे सगळ्यात कामाचं वाटतं कारण यातून सरळ कळतं की ग्लायकोजेनसाठी गुणोत्तर नाही तर एकूण कार्ब महत्त्वाचे, आणि प्रोटीन तिथे मदतीला येतं जिथे तेवढे कार्ब घशाखाली उतरत नाहीत. ६० किलोच्या पळणाऱ्या मुलीला १.२ च्या हिशोबाने तासाला ७२ ग्रॅम कार्ब लागतील, असे पहिले चार तास. कडक ऊन, मळमळतंय, जेवायची इच्छा नाही अशा वेळी एवढी साखर कोण पिणार! तिथे ४८ ग्रॅम कार्ब आणि २४ ग्रॅम प्रोटीनवर काम भागतं, दुरुस्तीचं प्रोटीन पण त्यातच मिळून जातं.

नाशकात कोणाला काय लागतं

कविता राऊत त्र्यंबकेश्वरच्या बाजूच्या सावरपाड्याची, 'सावरपाडा एक्सप्रेस', २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझू एशियाडला सिल्व्हर. तिच्यानंतर आदिवासी पाड्यांवरून कितीतरी मुलंमुली लांब पल्ल्याच्या पळण्याकडे आली. अशी मुलं सकाळी इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून-पालटून पळणं) मारतात आणि संध्याकाळी परत ग्राउंडवर असतात, त्यांच्यासाठी मधले सात-आठ तास म्हणजे खरी परीक्षा आणि रिकव्हरी ड्रिंकचा खरा हक्क त्यांचा आहे. नेमकं त्यांच्याच हातात ते नसतं, सकाळच्या सेशननंतर चहा-बिस्किट आणि मग थेट दुपारचं जेवण, हे बघून जीव तुटतो.

दुसरे लागोपाठ दिवस सायकल मारणारे. आषाढीच्या आधी नाशिक-पंढरपूर सायकल वारी निघते त्यात आज दिवसभर चालवून उद्या सकाळी परत सीटवर बसायचं असतं, तेव्हा मुक्कामी पोचल्या पोचल्या ३ ला १ चं काहीतरी प्यायलेलं चांगलं. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली, जवळपास ४,८०० किलोमीटर आळीपाळीने, आणि त्यानंतर शहरात लांब राईडचं वेडच लागलं. पण रविवारी त्र्यंबकला जाऊन येणारे, मग मिसळ खाणारे आणि पुढची राईड थेट बुधवारी असणारे, त्यांना वेगळं ड्रिंक लागतच नाही. मोड आलेल्या मटकीत प्रोटीन आहे, पावात कार्ब आहेत, तर्री जरा बेताने घेतली आणि पाणी भरपूर प्यायलं की झालं.

पांडवलेणीच्या पायऱ्या किंवा ब्रह्मगिरी चढून पळत उतरणाऱ्यांचं थोडं वेगळं असतं, उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, त्याने तुटफूट जास्त होते आणि दुखावलेला स्नायू ग्लायकोजेन पण हळू भरतो, म्हणून उतारानंतरचे दोन दिवस कार्ब आणि प्रोटीन दोन्हीकडे लक्ष द्यावं.

जिमवाल्यांसाठी गुणोत्तराची गरज सगळ्यात कमी. पाऊण तास चेस्ट-ट्रायसेप्स करून २० ग्रॅम प्रोटीन आणि नेहमीचं जेवण बास, वर ७० ग्रॅम साखर ओतायची काही गरज नाही. दिवसाचं एकूण प्रोटीन बघावं, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितलंय, नियमित कडक व्यायाम करणाऱ्याला १.४ ते २ ग्रॅम लागतं आणि वरण-भात-पोळी-भाजीवर तेवढं होत नाही, तिथेच खरी कमतरता असते.

घरात काय बनतं

साधं गणित करून बघू. ३०० मिली गाईच्या दुधात साधारण १० ग्रॅम प्रोटीन आणि १४-१५ ग्रॅम कार्ब, एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅम कार्ब आणि १ ग्रॅम प्रोटीन, दोन चमचे साखर किंवा गूळ म्हणजे अजून १०. सगळं मिक्सरमधून काढलं की ५० ला ११, म्हणजे साडेचारला एक. आता यातच ३० ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर टाका, तिच्यात एक तृतीयांशापेक्षा जास्त प्रोटीन असतं, त्यामुळे १० ग्रॅम प्रोटीन आणि १५ ग्रॅम कार्ब वाढतात आणि एकूण होतं ६५ ला २१, जवळपास अचूक ३ ला १. किराणा दुकानात मिळणारी पावडर आहे ही, पण प्रोटीन वाढवायला तिचा विचार फार कमी लोक करतात. पावडर आधी थोड्या कोमट दुधात कालवून घ्यायची, थेट थंड दुधात टाकली की गुठळ्या होतात आणि तळाला चिकटून बसतात.

दूध या कामाला मुळातच चांगलं, त्यातलं ८० टक्के प्रोटीन केसीन जे हळू पचतं आणि २० टक्के व्हे जे पटकन, शिवाय सोडियम-पोटॅशियम असल्याने शरीरात पाणी पण टिकतं. अमेरिकेत इंडियाना युनिव्हर्सिटीच्या २००६ च्या एका छोट्या अभ्यासात ९ सायकलस्वारांना चॉकलेट मिल्क दिलं आणि तेवढ्याच कार्बच्या तयार पेयापेक्षा त्यावर ते जास्त वेळ टिकले. नऊच माणसं होती म्हणून फार ताणू नये, पण दिशा कळते. म्हशीचं दूध मात्र लगेच नको, फॅट ६-७ टक्के असल्याने पोटातून पुढे सरकायला वेळ घेतं, ते रात्री प्या.

आपल्याकडचं सातूचं पीठ या यादीत सगळ्यात वर पाहिजे. भाजलेले गहू आणि डाळं, वर जिरं-सुंठ, असं हे पीठ आजीच्या काळापासून घरात असायचं आणि दुधात गूळ घालून कालवायचे. ४० ग्रॅम पीठ, २५० मिली दूध आणि २० ग्रॅम गूळ घेतला तर साधारण ५७ ग्रॅम कार्ब आणि १४-१५ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ४ ला १. गव्हात लायसीन हे अमिनो अॅसिड कमी, डाळीत मिथिओनीन हे कमी, एकत्र आले की एकमेकांची कमी भरून काढतात. पाड्यावरच्या मुलांना परवडेल, डब्यात टिकेल, ग्राउंडवर नुसत्या दुधात ढवळून होईल असं याच्याइतकं दुसरं मला तरी सुचत नाही.

तालमीतली थंडाई पण याच घराण्यातली, दूध, बदाम, खसखस, बडीशेप, साखर. फक्त बदामात निम्मं फॅट असतं, म्हणून ती पहिलवानाच्या दिवसभराच्या खुराकाला छान, दोन सेशनच्या मधल्या घाईला जड.

ज्यांना दूध पचत नाही त्यांनी लस्सी घ्यावी, दही लागताना लॅक्टोज थोडं कमी होतं, २०० ग्रॅम दही आणि चार चमचे साखर म्हणजे २८ ला ७. ताक मात्र पातळ, त्याने तहान भागते, रिकव्हरी होत नाही. रसवंतीतला उसाचा रस म्हणजे ग्लासात ३० ग्रॅमच्या वर साखर आणि प्रोटीन जवळपास शून्य, सोबत मूठभर फुटाणे खाल्ले की मेळ जमतो. जानेवारी ते एप्रिल आपल्याकडे द्राक्षं स्वस्त असतात, १०० ग्रॅममध्ये १७-१८ ग्रॅम कार्ब, त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास निम्मं-निम्मं, आणि हे मिश्रण लिव्हरचा साठा नुसत्या ग्लुकोजपेक्षा लवकर भरतं.

पाण्याचा हिशोब वेगळा ठेवा. व्यायामाआधी आणि नंतर वजन करा, जेवढे किलो कमी झाले त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत हळूहळू प्यायचं, सोबत चिमूटभर मीठ. एप्रिल-मेमध्ये शेकच्या नादात पाणीच कमी पिणारे खूप आहेत.

डबे आणि लेबल

व्हेच्या डब्यात ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये साधारण २४ ग्रॅम प्रोटीन असतं आणि कार्ब नगण्य, म्हणजे ते रिकव्हरी ड्रिंक नाही, अर्धं रिकव्हरी ड्रिंक आहे, केळं आपण घालायचं. मास गेनरमध्ये, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीत उलट, बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन हा पटकन पचणारा कार्ब, गुणोत्तर कागदावर ३ ला १ किंवा ५ ला १ दिसतं पण एका सर्व्हिंगला कॅलरी एवढ्या की पोट कमी करायला आलेल्या माणसाने तो घेणं म्हणजे महिन्याची मेहनत पाण्यात. डब्यावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी नंबर बघून घ्या आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांनी तर अनोळखी डब्याला हात लावू नये, भेसळीत बंदी असलेलं काही निघालं तर डोप टेस्टमध्ये जबाबदारी खेळाडूचीच धरतात. डायबिटीस किंवा किडनीचा त्रास असेल तर वरचे साखर आणि प्रोटीनचे आकडे तसेच्या तसे उचलू नका, डॉक्टरांना विचारून स्वतःचे आकडे ठरवून घ्या.