व्होल्ट बघून आइस ऑगर घेऊ नका

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात खरं, पण मासुंदा काय किंवा उपवन काय, तिथल्या पाण्यावर बर्फ धरलाय असं कुणी स्वप्नातही बघितलं नसेल, आपल्याकडे डिसेंबरात पहाटे १६ डिग्री झालं की कानटोप्या बाहेर येतात. तरी हा विषय घेतोय, कारण इथल्या प्रत्येक सोसायटीतलं कुणी ना कुणी मिनेसोटा, विस्कॉन्सिन नाहीतर विनिपेगला जाऊन बसलेलं आहे, आणि तिकडची दुसरी-तिसरी थंडी आली की ऑफिसातली मंडळी ह्यांना गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला घेऊन जातात. एकदा गळाला मासा लागला की संपलं. मग मेसेज येतो, दादा तू टूल्सच्या लाइनमधला ना, बर्फात भोक पाडायचं बॅटरीवालं ऑगर घ्यायचंय, ४० व्होल्टचं घेऊ की १८ व्होल्टवर भागेल? मी रबाळे एमआयडीसीत पॉवर टूल्सच्या रिपेरिंगमध्ये आहे, बर्फात काम करायचा अनुभव शून्य, पण मोटर, बॅटरी आणि ब्लेड ह्या तीन गोष्टी कुठेही गेलं तरी त्याच असतात. आणि माझं म्हणणं असं की व्होल्टचा आकडा ह्या सगळ्यात सर्वात कमी कामाचा आहे.

ऑगर म्हणजे काय ते कोकणात कलमं लावणाऱ्यांना सांगायला नको, खड्डे मारायचं पेट्रोलवर फट्फट् चालणारं ते अर्थ ऑगर, त्याचंच हे बर्फाचं भावंड. मधे दांडा, त्याभोवती स्क्रूसारखी फिरत गेलेली पट्टी, खाली दोन ब्लेड. ब्लेड बर्फ कापतात, पट्टी तो चुरा वर आणून टाकते. वीसेक वर्षांमागे तिकडेही बहुतेक हातानं फिरवायचं नाहीतर पेट्रोलचं असायचं, पण पेट्रोलवालं थंडीत स्टार्ट व्हायला रडतं, आणि बर्फावर लोक तंबू किंवा छोटी खोपटी टाकून बसतात, तिथे आत इंजिन चालवलं तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही रंग नाही, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. बॅटरीवाल्यात ही भानगड नाही. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ह्या तिघांना २०१९ चं केमिस्ट्रीचं नोबेल तिच्यासाठीच मिळालं, आणि ड्रिलमध्ये ती आली तेव्हा ऑगरमध्ये येणारच होती.

आता जरा हिशोब करू, मला तरी हा भाग सर्वात मजेदार वाटतो. समजा ८ इंची म्हणजे साधारण २० सेंटीमीटर रुंद भोक पाडायचंय आणि बर्फ २ फूट, म्हणजे ६० सेंटीमीटर जाड आहे. त्यातून निघणारा बर्फ होतो जवळजवळ १७ किलो. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला ३३४ ज्यूल लागतात, त्यामुळे हे सगळं उष्णतेनं वितळवून भोक पाडायचं म्हटलं तर १.६ युनिट वीज लागेल, तेच युनिट जे आपल्या महावितरणच्या बिलावर असतं. आणि ऑगरची ४० व्होल्ट ५ अँपिअर-तासवाली (म्हणजे ५ अँपिअर करंट तासभर देणारी) बॅटरी किती देते? ०.१८ युनिट, कारण त्या ४० चे खरे ३६ च असतात, ते पुढे सांगतो. म्हणजे एका भोकाला नऊ बॅटऱ्या! पण प्रत्यक्षात तीच एक बॅटरी, समजा २५ भोकं पाडते. मग ही जादू कुठली, तर ऑगर बर्फ वितळवतच नाही, तो तोडतो. बर्फ ठिसूळ आहे, धार आत घुसली की तिच्या पुढे तडा पळतो आणि कपचा सुटतो, एवढ्याला जी शक्ती लागते ती वितळवण्याच्या मानानं किरकोळ. ह्यातूनच एक गोष्ट निघते की ब्लेड बोथट असेल तर कापण्याऐवजी घासणं सुरू होतं, बॅटरीतली वीज उष्णतेत जायला लागते, आणि मग तुम्ही ४० व्होल्टचं घ्या नाहीतर ८० चं, तळ्यावर उभे राहून शिव्याच द्याल.

बर्फ वितळवूनही भोक पाडतात बरं का. हिमाचलात छोटा शिग्री हिमनदीवर आपले शास्त्रज्ञ बर्फ किती घटला ते मोजायला बांबू रोवतात, त्याची भोकं वाफेच्या ड्रिलनं पाडलेली आहेत, पण ते भोक बांबूपुरतं बारीक, म्हणून परवडतं.

बरं, व्होल्ट. बॉक्सवर ४० व्होल्ट लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा 'मॅक्स' असतं, म्हणजे फुल चार्ज केल्या केल्या दिसणारं. आत ३.६ व्होल्टचे १० सेल एकामागे एक जोडलेले, म्हणजे खरे ३६. तसंच २० व्होल्ट मॅक्स आणि १८ व्होल्ट ह्या दोन वेगळ्या बॅटऱ्या नाहीतच, दोन्हीत पाचच सेलची रांग, फक्त स्टिकर वेगळं. दुकानात रोज कुणीतरी २० मोठं म्हणून जास्त पैसे मोजून जातं, आणि सांगितलं तरी पटत नाही.

ह्याच्याही पुढे जाऊ. १० सेल घ्या, प्रत्येकी अडीच अँपिअर-तासाचे. सगळे एका रांगेत लावले तर झाली ३६ व्होल्ट २.५ अँपिअर-तास. पाच-पाचच्या दोन रांगा शेजारी शेजारी लावल्या तर १८ व्होल्ट ५ अँपिअर-तास. गुणाकार करून बघा, दोन्हीकडे ९० वॉट-तास (हजार वॉट-तास म्हणजे बिलावरचं एक युनिट). आणि समजा काम ७२० वॉटचं आहे तर पहिलीत २० अँपिअर करंट, दुसरीत ४०, पण दुसरीत तो दोन रांगांत वाटला जातो, म्हणजे प्रत्येक सेलच्या वाट्याला दोन्हीकडे २० च अँपिअर आले. सेलला कळतही नाही की तो ३६ मध्ये बसलाय की १८ मध्ये. जास्त व्होल्टचा फायदा असतो, नाही असं नाही, वायर, स्विच, कंट्रोलर ह्यांच्यात करंट कमी म्हणून ती कमी तापतात, म्हणून मोठ्या मशीनला तेच बरं. पण बॅटरी किती भोकं पाडेल हे ठरतं वॉट-तासावर, तेव्हा व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करायचं आणि तो आकडा बघायचा. बॅटरीवर बारीक अक्षरात छापलेला असतो.

थंडीत ह्याचं महत्त्व अजून वाढतं. उणे २० डिग्रीला सेलच्या आतला द्रव घट्ट होतो, लिथियमचे आयन रखडत चालतात, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. घरात फुल दाखवणारी बॅटरी तिथे एक-तृतीयांश तरी सहज कमी चालते, आणि ऑगरसारखं जोराचं काम असेल तर आणखी कमी. गंमत म्हणजे चार्ज कुठे गेलेला नसतो. मोटरनं करंट ओढला की व्होल्टेज एकदम खाली बसतं, बॅटरीतल्या सर्किटला वाटतं संपली, ते बंद करून टाकतं. तीच 'मेलेली' बॅटरी कोटाच्या आत घालून थोडा वेळ ठेवा, पुन्हा चार भोकं पाडेल. म्हणून त्याच व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांत मोठी अँपिअर-तासवाली घ्यायची, कारण तिच्यात बहुतेक वेळा शेजारी शेजारी जास्त रांगा असतात, प्रत्येक सेलवर ओझं कमी, व्होल्टेज कमी बसतं. इकडे आपण थर्माकोलचा आइसबॉक्स पापलेट गार ठेवायला वापरतो, तिकडे लोक तसल्याच बॉक्समध्ये गरम पाण्याची पिशवी टाकून बॅटऱ्या उबदार ठेवतात, स्वस्तातला आणि एकदम बरोबर उपाय आहे तो.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही. गारठलेली बॅटरी घरी आणून लगेच चार्जरला लावायची नाही. शून्याच्या खाली चार्ज केलं तर लिथियम सेलमधल्या ग्राफाइटच्या थराच्या आत शिरायच्या ऐवजी त्याच्या वरच धातू म्हणून बसायला लागतं, तेवढी क्षमता कायमची गेली, आणि पुढे शॉर्ट होण्याची भीती वेगळी. चांगल्या चार्जरला हे कळतं, तो लाल दिवा दाखवून थांबतो, सगळ्यांना कळतं असं नाही. दोनेक तास घरात पडू द्या, मग लावा. (आपल्या इकडे उलटं दुखणं आहे, एप्रिलमध्ये घणसोलीला भर उन्हात उभ्या केलेल्या ई-स्कूटरची बॅटरी उष्णतेनं म्हातारी होते. लिथियमला माणसासारखंच २०-२५ डिग्री आवडतं.) तिकडच्या उन्हाळ्यातही ऑगरची बॅटरी फुल चार्ज करून गॅरेजमध्ये ठेवून देऊ नये, अर्धी चार्ज करून घरात कपाटात ठेवावी.

साइझचं बोलू. ६, ८ आणि १० इंच अशी मिळतात आणि ऐकायला फरक दोनच इंचाचा वाटतो, पण बर्फ क्षेत्रफळानुसार काढावा लागतो, म्हणजे ३६, ६४ आणि १००. सहावरून आठवर गेलात की प्रत्येक भोकाला पाऊणपटीहून जास्त बर्फ वाढला, बॅटरीही त्याच हिशोबात संपणार. पर्च, क्रॅपी असे तळहाताएवढे मासे पकडायचे तर ६ इंच भरपूर. वॉलाय किंवा पाइक पाहिजे तर ८. दहाचं घ्यायचं ते खरोखर मोठे पाइक नाहीतर लेक ट्राउट काढणाऱ्यांनी, नवशिक्यानं नाही. मोठा मासा गळाला लागून भोकातून वर येईना म्हणून गेला तर काय, असं मला विचारलं होतं, तर गेला, अजून काय. खाडीवर गळ टाकून बसणाऱ्यांचे रोज जातात.

ब्लेडमध्ये दोन जाती. आपला गोळेवाला रंध्यावर लादी घासतो तसं एक, सपाट आणि वस्तऱ्यासारखी धार, स्वच्छ नव्या बर्फात लोण्यासारखं जातं पण वाळूचा एक कण लागला की धार गेली, आणि जुनं, पुन्हा गोठलेलं भोक उघडताना धक्के खातं, अडकतं. दुसरं दातेरी, ते टोचे मारल्यासारखं तोडत जातं, थोडं हळू आणि खडखडाट जास्त, पण मळकट बर्फ, जुनी भोकं, काही असो, कुरकुर नाही. मी सुरुवात करणाऱ्याला दातेरीच सांगेन. कुठलंही घेतलं तरी भोक पाडून झालं की ब्लेडवर बसलेला ओला चुरा पुसून किंवा हलक्या हातानं झटकून टाकायचा, तो धारेवर गोठला तर पुढच्या भोकाला ऑगर नुसतं गोल फिरतं आणि खाली जातच नाही, लोकांना वाटतं बॅटरी गेली. आणि झटकायचा म्हणजे ब्लेड बर्फावर आपटायचं नाही. रिव्हर्सचं बटण असेल असंच मॉडेल घ्या, शेवटी पाणी लागलं की भोकात चुऱ्याचा चिखल होतो, उलटं फिरवलं की तो खाली ढकलला जातो, नाहीतर झाऱ्यानं काढत बसावं लागतं.

मग अख्खं ऑगर घ्यायचं की घरातल्या ड्रिलला ऑगरचा दांडा लावायचा? माझं मत, ज्याच्याकडे आधीच चांगलं ब्रशलेस (मोटरमध्ये कार्बन ब्रश नसलेलं) १८ व्होल्ट ड्रिल आहे, अर्ध्या इंचाच्या चकचं (चक म्हणजे दांडा पकडणारा जबडा), आणि जो वर्षातून मोजक्या वेळा जाणार, त्याने दांडाच घ्यावा, ६ नाहीतर ८ इंची. वजन निम्म्यावर येतं, बॅटरी बाकीच्या टूल्सना पण चालते. ड्रिल पहिल्या गिअरवर ठेवायचं, कारण पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले वेग, इथे वेग नको, पिळायची ताकद हवी. साइड हँडल लावल्याशिवाय हात लावायचा नाही, दांडा अडकला की ड्रिल उलटं तुमचं मनगट पिरगाळतं, असे हात सुजवून आलेले लोक मी दुकानात पाहिलेत, तेही नुसत्या काँक्रीटवर. आणि दांड्याला वरच्या बाजूला भोकापेक्षा मोठी चकती लावा, चक ढिलं झालं तर सगळं तळ्याच्या तळाशी जाण्यापासून ती वाचवते. ज्यांच्याकडे बर्फ तीन-तीन फूट होतो आणि जे दिवसभर जागा बदलत वीस-पंचवीस भोकं पाडत फिरतात त्यांनी ड्रिलच्या नादाला लागू नये, अख्खं ४० व्होल्टचं घ्यावं आणि दांड्याचं एक्स्टेंशनही.

हे सगळं घेऊन बर्फावर पाय ठेवायच्या आधी हातात ऑगर नको, पहार पाहिजे. तिकडे खरंच पहारीसारखीच लोखंडी दांडी मिळते, दर दोन-चार पावलांवर आपटत जायचं, आरपार गेली की मागे फिरायचं. मिनेसोटाचं सरकारी मापक असं की स्वच्छ, पारदर्शक बर्फ निदान ४ इंच असेल तर पायी चालावं, आणि पांढरा, बर्फवृष्टीचा भुसा मिसळून झालेला बर्फ असेल तर दुप्पट, कारण त्याची ताकद निम्मी असते. पुढे गेल्यावर ऑगरनं अधूनमधून भोक पाडून जाडी मोजत राहायचं, एकाच तळ्यावर झऱ्याजवळ, ओढा मिळतो तिथे बर्फ पातळ असतो.

राहता राहिला प्रश्न इकडून घेऊन जायचा, म्हणजे मामा निघालेच आहेत फ्लाइटनं तर त्यांच्याबरोबर पाठवू का. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत चालतच नाही, केबिनमध्येच लागते, १०० वॉट-तासापर्यंत चालते, १०० ते १६० असेल तर एअरलाइनची परवानगी काढून जास्तीत जास्त दोन, १६० च्या वर प्रवासी विमानात नाहीच. वर केलेला गुणाकार इथे पुन्हा लावा: १८ व्होल्ट ५ अँपिअर-तास म्हणजे ९०, ती बसते. ऑगरची ३६ गुणिले ५ म्हणजे १८०, ती सिक्युरिटीला काढून घेतील आणि मामा तिथून फोन करतील. शिवाय वॉरंटी, ब्लेडचे स्पेअर, सगळं तिकडचंच, तेव्हा ऑगर तिथेच घेऊ दे, मामांच्या बॅगेत त्यापेक्षा आगरी मसाला द्या, पकडलेल्या वॉलायला तोच लागणार आहे.