लर्चर: कोणता ससा, कोणती जमीन, कोणाचं रक्त

लर्चर म्हणजे ग्रेहाउंडसारख्या वेगवान कुत्र्यात दुसरं रक्त मिसळून तयार केलेला इंग्लंडातला शिकारी कुत्रा. त्याच्या पैदाशीवरचे वाद समजून घ्यायचे तर आधी एका मराठी अडचणीतून बाहेर यावं लागतं. आपल्याकडे ससा एकच. माळावर ढेकळाआड अंग चोरून बसलेला तोही ससा, आणि पिंजऱ्यात कोथिंबिरीच्या काड्या खाणारा पांढराशुभ्र तोही ससाच. इंग्लंडात ही दोन वेगळी जनावरं आहेत. हेअर उघड्या रानात राहतो, बीळ करत नाही, उठला की लांब पळतो आणि ऐन वेळी गिरकी घेऊन कुत्र्याचा दम काढतो. रॅबिट बिळात राहतो, चरायला बाहेर आला तरी फार दूर जात नाही आणि चाहूल लागली की डोळ्याचं पातं लवायच्या आत गायब. आपला माळावरचा ससा हेअरच्या कुळातला. खाली नुसतं 'ससा' म्हटलं की हेअर समजावा आणि 'बिळातला ससा' म्हटलं की रॅबिट. कुठल्या कुत्रीला कुठला नर लावायचा, याचं निम्मं उत्तर या एका फरकात आहे.

उरलेलं निम्मं जमिनीत आणि कायद्यात. त्यातल्या कायद्याबद्दल एक गोष्ट इतकी घोळवून सांगितली जाते की तिच्यावर जरा थांबायलाच हवं. गोष्ट अशी: गरिबाला ग्रेहाउंड पाळायची बंदी होती, म्हणून त्याने ग्रेहाउंडमध्ये मेंढपाळाचा कुत्रा मिसळला आणि कायद्याला चकवून लर्चर जन्माला आला. ऐकायला छान आहे, पण जुने कायदे उघडले की ती टिकत नाही. 1389 च्या कायद्याने वर्षाला 40 शिलिंगांहून कमी उत्पन्नाची जमीन असलेल्या सामान्य माणसाला ग्रेहाउंड ठेवायची मनाई केली, हे खरं. पण त्याच दमात 'शिकारीचा दुसरा कुठलाही कुत्रा' हेही तिथे आहे. म्हणजे रक्त मिसळून सूट मिळत नव्हती. पुढे 1671 च्या कायद्याने जमिनीची पात्रता आणखी वाढवली, गेमकीपरला, म्हणजे जमीनदाराच्या शिकारीच्या रानाच्या राखणदाराला, घरात शिरून झडती घ्यायचा अधिकार दिला, आणि काय काय जप्त करायचं त्या यादीत बंदुका, धनुष्यं, ग्रेहाउंड यांच्या पंगतीला लर्चर चक्क नावानिशी बसवला. 1796 मध्ये कुत्र्यांवर कर बसला तेव्हाही लर्चर शिकारी कुत्र्यांच्याच गटात धरला गेला. कायदा ज्याला नावाने हाक मारतो तो कायद्यातली पळवाट कसा?

पळवाट होती, पण ती डोळ्यांपुरती. ग्रेहाउंड अर्ध्या मैलावरून ओळखू येतो. राठ केसांचा, मळकट रंगाचा, गाडीच्या आसाखालून मान खाली घालून चालणारा कुत्रा मात्र दुरून कोणाही गुराख्याचा वाटतो. कायद्याने लर्चरचं नाव घेतलं, व्याख्या केली नाही. मग हा कुत्रा लर्चर की मेंढ्यांचा, हे ठरवणार कोण? आधी गेमकीपर, मग दंडाधिकारी, आणि दंडाधिकारी बहुतेक वेळा स्वतःच जमीनदार. अशा परिस्थितीत संकर कागदावर वाचवत नसे, बांधावर वाचवत असे. माझ्या मते राठ केस आणि अंगलोट झाकणारा आकार यांची निवड इथूनच सुरू झाली. काटेरी झुडपांपासून आणि थंडीपासून बचाव हा फायदा होताच, पण लपणं हाही होता.

शब्दाचाही असाच गुंता आहे. 'लर्चर' हा रोमानी भाषेतल्या चोर या अर्थाच्या शब्दावरून आला, असं भटक्या जिप्सी समाजाशी नातं जोडणारे हटकून सांगतात. शब्दकोशकारांचा कौल मात्र दबा धरणं, टपून राहणं या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदाकडे आहे. कुत्र्याला लागायच्या आधी हा शब्द माणसाला लागत होता: भुरटा, दुसऱ्याच्या ताटातलं उचलणारा. 1570 सालच्या, इंग्लंडातल्या कुत्र्यांवरच्या एका लॅटिन ग्रंथात रात्री मालकाच्या इशाऱ्यावर बिळातले ससे धरून आणणारा 'चोर कुत्रा' येतो. त्याची जात कुठली ते तिथे महत्त्वाचं नाही, काम महत्त्वाचं आहे. लर्चर ही जात नाही, पेशा आहे, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तरीही विक्रीच्या जाहिरातीत पहिली ओळ रक्ताचीच असते.

त्यात भर 'लाँगडॉग'ची. नजरेवर पळणाऱ्या दोन जातींचा संकर, म्हणजे सलुकी आणि ग्रेहाउंड किंवा डीअरहाउंड आणि ग्रेहाउंड, हा लाँगडॉग. त्यात मेंढ्यांच्या कुत्र्याचं किंवा टेरियरचं (बिळात शिरणाऱ्या छोट्या शिकारी कुत्र्याचं) रक्त आलं तर लर्चर. जुने लोक हा भेद कडक पाळतात, बाजार पाळत नाही. आपल्याकडे कारवानीबद्दल तोच प्रश्न अधूनमधून विचारला जातो. कारवानी लर्चर नव्हे, ती नजरेवर पळणारी स्वतंत्र जात आहे. (देशातल्या दोन श्वानसंस्था तिला दोन वेगळ्या नावांनी नोंदवतात, एक कॅरव्हान हाउंड म्हणते आणि दुसरी मुधोळ हाउंड. ते भांडण वेगळं.) कारवानीत ग्रेहाउंड मिसळला तर इंग्रजी हिशेबाने तो लाँगडॉग. कारवानीत धनगरी कुत्रा मिसळला तर मात्र लर्चर म्हणायला हरकत नसावी.

एकोणिसावं शतक भरभर ओलांडतो. 1831 मध्ये शिकारीसाठी जमिनीची पात्रता गेली आणि परवाना आला. 1880 मध्ये कुळांना आपल्या कसत्या जमिनीवरचे दोन्ही प्रकारचे ससे मारायचा हक्क मिळाला. लंडनच्या स्मिथफील्डचा जिवंत गुरांचा बाजार 1855 मध्ये हलला. तिथवर गुरं हाकत नेणाऱ्यांच्या केसाळ कुत्र्यांपासून नॉर्फकचा लर्चर तयार झाला, असं सांगतात. त्याआधी अठराव्या शतकात त्याच नॉर्फकमध्ये एका उमरावाने ग्रेहाउंडमध्ये बुलडॉग मिसळून पाहिला होता. जिद्द ठेवायची आणि पिढी दर पिढी रूप पुन्हा ग्रेहाउंडचं करायचं, हा त्याचा बेत. 'रक्त थोडं, गुण टिकाऊ' ही पुढच्या सगळ्या पैदासकारांची आशा तिथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते.

आजचा लर्चर घडला तो विसाव्या शतकात, आणि तीन धक्क्यांनी. पहिला 1926 मध्ये, मँचेस्टरला यांत्रिक सशामागे ग्रेहाउंडच्या शर्यती सुरू झाल्या तेव्हा. उमरावांचा कुत्रा गिरणी कामगारांच्या करमणुकीचा झाला आणि शर्यतीतून बाद झालेल्या ग्रेहाउंड माद्या पडत्या भावात मिळू लागल्या. लर्चरची आई बहुतेक ग्रेहाउंड असते त्यामागे हे एक साधं कारण आहे: मिळायला सोपी, अंगाने मोठी, पिल्लांना दूध भरपूर.

दुसरा धक्का 1953 चा. मिक्सोमॅटोसिस हा विषाणूचा रोग इंग्लंडात शिरला आणि दोन-तीन वर्षांत बिळातले ससे जवळपास नाहीसे झाले. शंभरातला एखादा उरला. ज्या छोट्या, चपळ, नाकाने तिखट कुत्र्यांचं पोट त्या सशावर होतं, त्यांची गरजच संपली. व्हिपेट (ग्रेहाउंडसारखाच, पण लहान) आणि बेडलिंग्टन टेरियर यांचा संकर हा त्यांतलाच, उत्तरेकडच्या खाणकामगारांचा आवडता. मागे उरलेले ससे हळूहळू रोगाला सरावले, संख्या वाढली, आणि 1970 च्या दशकात हे कुत्रेही परतले. सोबत मोटारीच्या बॅटरीवर चालणारा हातदिवा आला. अंधारात दिव्याच्या झोतात ससा धरायचा म्हणजे झोतामागे सरळ पळणारा, चुकला की गपचूप परत येणारा, अजिबात न भुंकणारा कुत्रा लागतो. टेरियरचं रक्त जास्त झालं की नेमकं भुंकणं वाढतं.

तिसरा धक्का जमिनीचा. युद्धानंतर धान्य वाढवायच्या धोरणात पूर्व इंग्लंडातली झुडपी कुंपणं उपटली गेली आणि दोन-दोन, चार-चार एकरांच्या तुकड्यांची अफाट सपाट शेतं झाली. तिथे ससा सुटला की थांबायला आडोसाच नाही. ग्रेहाउंडचा वेग पहिल्या काहीशे मीटरांचा, पुढे दम तुटतो. म्हणून सलुकी आला. इंग्लंडात 1895 मध्ये आणलेला आणि 1923 मध्ये जात म्हणून मान्यता मिळालेला हा वाळवंटी कुत्रा वेगाने थोडा कमी, पण पळतच राहतो. सलुकीचं रक्त मिसळलेले कुत्रे सशावर लागले, मग त्यांच्यावर पैसा लागला, आणि पैजेचं लोण पसरलं. इथे मी तटस्थ राहत नाही. सलुकीत दोष नाही, पण हाकेला ओ न देणारा कुत्रा पैदाशीसाठी मुद्दाम निवडायचा आणि वर त्याला 'कामाचा' म्हणायचं, हे मला पटत नाही.

माझा पक्ष कॉलीचा, म्हणजे मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याचा. त्याचं कारण लिंकनशरमधला एक म्हातारा आणि त्याची करडी कुत्री. नोव्हेंबरची संध्याकाळ, कुत्री बिळातला ससा तोंडात धरून आली, जिवंत, अंगावर दाताचा एक व्रण नाही. म्हाताऱ्याने आधी ससा घेतला नाही. वाकून कुत्रीच्या चारी पंजांवरून बोटं फिरवली, बोट-बोट वेगळं करून, जसा आपल्याकडे बैल घेणारा खूर बघतो. गारगोटीच्या जमिनीत ग्रेहाउंडचे पंजे फाटतात, बोटं निखळतात. तारेवर कातडी कागदासारखी उलते. कॉलीने पंजा दिला, कातडी दिली, डोकं दिलं. शेजारच्या कुरणात मेंढ्या होत्या, कुत्रीने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. हे फार महत्त्वाचं: मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला शेतकऱ्याने गोळी घातली तर तिथला कायदा बहुधा त्याच्याच बाजूने उभा राहतो.

कॉलीचे दोषही आहेत. निम्मं रक्त असेल तर कुत्रा कधी सशाला धरण्याऐवजी घेरायला बघतो. म्हणून पहिल्या संकराची मादी पुन्हा ग्रेहाउंडला देतात. त्यातून पाऊण ग्रेहाउंड, पाव कॉली. पाऊणवाल्याला निम्म्यावाल्याशी जोडलं की पाच अष्टमांश आणि तीन अष्टमांश. जाहिराती अशा अपूर्णांकांनी भरलेल्या असतात आणि तिथेच फसगत होते. आपल्या शेतकऱ्याला हे समजवावं लागत नाही. संकरित कपाशीचं बी पहिल्या वर्षी एकसारखं उगवतं. त्याच पिकाचं बी राखून पेरलं तर शेतात एक झाड एका उंचीचं, दुसरं भलत्याच. पहिल्या संकराचं वेतही बरंचसं एकसारखं असतं. लर्चरला लर्चर लावला की एकाच वेतात एक पिल्लू ग्रेहाउंडसारखं, एक कॉलीसारखं, आणि कागदावर दोघंही तीन अष्टमांश. म्हणून म्हातारा कागद बघत नसे, आईबापाला रानात पळताना बघत असे.

रक्तासोबत रोगही येतात, हे अलीकडे कळलेलं. बेडलिंग्टनच्या यकृतात तांबं साठतं, त्याचं जनुक 2002 मध्ये सापडलं. कॉलीच्या घराण्यात औषध मेंदूत शिरू देणारा जनुकदोष असतो, तो 2001 मध्ये उजेडात आला. असा कुत्रा आयव्हरमेक्टिनच्या मोठ्या डोसाने मरू शकतो. आपल्याकडे खरजेवर आणि गोचिडांवर ते सर्रास टोचलं जातं, तेव्हा कॉलीच्या रक्ताचं पिल्लू पाळणाऱ्याने डॉक्टरांना आधी सांगावं.

18 फेब्रुवारी 2005 ला इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांनी जंगली सस्तन प्राण्यांची शिकार करण्यावर बंदी आली. 1836 पासूनची सशांवरच्या ग्रेहाउंडची मोठी स्पर्धा त्याच महिन्यात शेवटची झाली. सूट उरली ती मुख्यतः उंदीर आणि बिळातल्या सशाला, तीही जमीनमालकाची परवानगी असेल तरच. हरणासाठी डीअरहाउंडचा संकर आणि कोल्ह्यासाठी बुल टेरियरचा संकर, दोन्हींचं काम एका दिवसात बेकायदा झालं. ससा तर गेलाच. पैजवाले थांबले नाहीत, फोनवरून थेट प्रक्षेपण करून पैसे लावू लागले. म्हणून 2022 मध्ये सशामागे जायच्या इराद्याने दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं हाच गुन्हा झाला, सहा महिन्यांपर्यंत कैद आणि कुत्रे पाळण्यावर बंदीची तरतूद आली. त्या कुत्र्यांची पुढची पिढी आज इंग्लंडातल्या निवारा केंद्रांत दिसते, उंच, शांत, कोणालाच नको असलेली.

लिंकनशरच्या म्हाताऱ्याकडे आता परवानगीची जमीन म्हणजे एक गोल्फ मैदान आणि घोड्यांचं एक कुरण, दोन्हींत फक्त बिळातले ससे. चाळीस वर्षं कॉली-ग्रेहाउंडशिवाय दुसरं काही न पाळलेल्या या माणसाने मागच्या वर्षी व्हिपेट-बेडलिंग्टनचं पिल्लू आणलं. गुडघ्याएवढं होईल, कुंपणाच्या भोकातून जाईल, मोटारीत मागच्या सीटवर मावेल. फक्त भुंकतं फार, म्हणे.