कॉलनीतली मोकळी जागा: तीन नावे, एक तुकडा

नाशिकच्या कॉलन्यांमध्ये ‘ओपन स्पेस’ हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो, पण प्रत्येकाच्या मनात तिचा मालक वेगळा असतो. रहिवाशांना ती पालिकेची वाटते. मंजूर नकाशावर ती प्लॉटधारकांच्या सामायिक वापराची असते. सातबाऱ्यावर मात्र अनेकदा मूळ शेतमालकाचेच नाव असते. शहरातल्या एकत्र बसण्या-खेळण्याच्या जागा कशा आटत गेल्या, हे या गोंधळातूनच कळते.

जुन्या गावठाणात असा प्रश्न नव्हता. वाड्याचा चौक बिऱ्हाडांचा, पार आळीचा, गोदाघाट सगळ्यांचा. घाटावर बुधवारी बाजार भरतो आणि मे महिन्यात व्याख्यानमाला होते. तिवंधा चौकातली पेशवेकालीन रहाड, म्हणजे रंग खेळण्याचा जमिनीतला हौद, रंगपंचमीला उघडते आणि एरवी तिच्यावरून रहदारी चालते. हा हक्क वहिवाटीचा होता. कागद नसल्याने त्याचे काही अडत नव्हते.

कागद आला तो प्लॉटिंगबरोबर. 1982 मध्ये नाशिक, सातपूर, नाशिकरोड-देवळाली आणि आसपासची खेडी मिळून महापालिका झाली. 1991 च्या जनगणनेत सुमारे 6.57 लाख असलेली लोकसंख्या 2011 मध्ये 14.86 लाखांवर गेली. सिडकोच्या योजना आखीव होत्या. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी, आडगाव या बाजूंना मात्र शेतांचे एकेक गट बिनशेती होत गेले. 40 आर (4000 चौरस मीटर) किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या अभिन्यासात, म्हणजे प्लॉट पाडलेल्या लेआउटमध्ये, दहा टक्के जागा मोकळी सोडायची, असा नियम होता. नाशिकच्या कॉलन्यांना मैदान म्हणून जे काही मिळाले, ते बहुतेक याच दहा टक्क्यांतून.

इथे तीन गोष्टी सर्रास एकमेकींत मिसळल्या जातात. पहिली, विकास आराखड्यातले आरक्षण. ही जागा पालिकेने मोबदला किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन घ्यायची असते. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती घेतली नाही, तर मालक नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली नोटीस देतो. नोटिशीनंतरची मुदत आधी सहा महिने होती, 2009 मध्ये बारा आणि 2015 मध्ये चोवीस महिने झाली. तेवढ्यात संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण उठते. नाशिकचा आधीचा आराखडा 1993 चा आणि सुधारित 2017 चा. मधल्या काळात अशा नोटिशींना भरपूर वाव होता. दुसरी, सुविधा भूखंड. मोठ्या अभिन्यासात शाळा, दवाखाना, बाजार अशा सोयींसाठी तो राखतात आणि त्यावर इमारत अपेक्षितच असते. तिसरी, खुली जागा. तिला वेगळा मोबदला नाही, कारण तिची किंमत प्लॉटच्या भावातच वसूल झालेली असते. ज्याने प्लॉट घेतला, त्याने या जागेचाही वाटा भरलेला आहे. ही साधी गोष्ट लोकांना कुणी नीट सांगितली नाही, आणि पुढचे बरेचसे नुकसान त्यातून झाले.

नुकसानाचे प्रकार ठरलेले आहेत. जमीन 39 आर ठेवायची किंवा भावाभावांत वाटून दोन तुकडे करायचे, म्हणजे दहा टक्के द्यावे लागत नाहीत. द्यावे लागलेच, तर नासर्डी-वाघाडी नद्यांकडचा उताराचा, वाकडातिकडा कोपरा द्यायचा. अलीकडच्या नियमांत एक तुकडा किमान 200 चौरस मीटर आणि रुंदी किमान 7.5 मीटर हवी, पण जुने अभिन्यास जसे होते तसेच राहिले. सातबाऱ्यावरचे नाव बदलले नसेल, तर वीस-पंचवीस वर्षांनी वारस नोंद लावतात आणि तीच जागा विकायला निघते.

सर्वांत खोल परिणाम मात्र खुल्या जागेत मर्यादित बांधकामाला दिलेल्या मुभेचा झाला. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ही मर्यादा 15 टक्के आहे: तळमजल्यावर 10, वर 5. कागदावर हे किरकोळ दिसते. एक हेक्टरच्या अभिन्यासाची खुली जागा 1000 चौरस मीटर, म्हणजे साधारण 31.6 मीटर बाजूचा चौरस. त्याच्या मधोमध 10 बाय 10 मीटरची अभ्यासिका किंवा व्यायामशाळा उभी राहिली आणि भोवती तीन मीटर पायऱ्या, ओटा, गाड्या यांत गेले, की चौथाई जागा संपते. उरतो तो जेमतेम पावणेआठ मीटर रुंदीचा पट्टा. कबड्डीच्या मैदानाला 13 बाय 10 मीटर लागतात. तीच इमारत कोपऱ्यात सरकवली असती तर मैदान वाचले असते. मग पाण्याची टाकी, विजेची डीपी, ग्रीन जिम आणि पेव्हर ब्लॉक येतात, आणि शेवटी कुलूप लावलेले फाटक.

धार्मिक बांधकामांचा वाद ‘सार्वजनिक’ या शब्दावर अडला. सार्वजनिक जागी नवे अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2009 मध्ये दिला. 2017 च्या अखेरीस नाशिकमध्ये मोठी पाडकाम मोहीम झाली, तेव्हा हरकत आली की अभिन्यासातली खुली जागा प्लॉटधारकांची, ती ‘सार्वजनिक’ नव्हेच. मालकीपुरता हा मुद्दा पोकळ नव्हता. पण सामायिक म्हणजे शेजाऱ्याचाही तितकाच वाटा. वीस घरांनी वर्गणी काढली म्हणून उरलेल्या साठ घरांचा हक्क संपत नाही.

म्हणून पडताळणी कागदापासून सुरू करावी. नगररचना विभागातून अंतिम मंजूर अभिन्यासाची प्रत माहिती अधिकारात मागावी आणि नुसता विक्रीचा रंगीत नकाशा ग्राह्य धरू नये. त्याच गटाचा चालू सातबारा आणि फेरफार (नावबदलाच्या नोंदी) काढून कब्जेदार व ‘इतर हक्क’ हे दोन रकाने वाचावेत. मालमत्ता पत्रक (सिटी सर्व्हेचा उतारा) झाले असेल तर तेही पाहावे. मग नकाशावरची मापे टेपने जागेवर ताडावीत. सरकारी मोजणीचा अर्ज जमिनीच्या धारकाने करायचा असतो, त्यामुळे रहिवाशांचा अर्ज इथे अडतो. अशा वेळी पालिकेकडे लेखी मागणी करून पोच घ्यावी. वारसांची नोंद लागायच्या आत हे झाले, तर तलाठ्याकडे हरकत घेता येते. नोंद मंजूर झाल्यावर अपील करावे लागते, आणि तोवर जागेला कुंपण पडलेले असते.