कुलूप लावलेल्या घराचं उत्पन्न

जानेवारी महिन्यात बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर अशा तालुक्यांत घरोघरी पाहणी करायला गेलं, तर कित्येक दारांना कुलूप दिसतं. माणसं दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली असतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात, कुणी सोलापुरात, कुणी थेट कर्नाटकात. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात ती परततात. तोवर गावात राहतात म्हातारी माणसं आणि काही घरांतली शाळकरी पोरं.

निवडलेलं घर बंद असेल तर त्याच्या जागी दुसरं घर घ्यायची मुभा पाहणीत असते. अशा वेळी उघडं सापडणारं घर बहुतेकदा शिक्षकाचं, दुकानदाराचं किंवा विहीर-बागायत असलेल्याचं असतं. एकही प्रश्न विचारण्याआधीच गावाची गरिबी कागदावर कमी झालेली असते.

बरं, ही माणसं कारखान्याकडच्या पाहणीत तरी सापडतील का? राष्ट्रीय नमुना पाहणीत सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर गेलेला माणूस मूळ घराचाच सदस्य धरतात, आणि तेवढ्याच काळासाठी आलेला माणूस पाहुणा. नियम योग्यच आहे, नाहीतर एक माणूस दोनदा मोजला जाईल. पण अख्खं घरच हललं की घोटाळा होतो. फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, ते पाहुणे ठरतात, आणि गावात त्यांच्या दाराला कुलूप असतं. म्हणून ऊसतोडीच्या गावात पाहणीची एक फेरी मे महिन्यात, अक्षय तृतीयेच्या पुढे-मागे, झालीच पाहिजे. त्या वेळी गाव भरलेलं असतं, लग्नसराई चालू असते आणि मुकादमाशी, म्हणजे तोडणीसाठी मजूर नेणाऱ्याशी, झालेला हिशोब लोकांच्या डोक्यात ताजा असतो.

घर म्हणजे काय, हेही आधी ठरवावं लागतं. पाहणीच्या भाषेत घर म्हणजे चूल: एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं. एका वाड्यात तीन भाऊ वेगळे शिजवत असतील तर घरं तीन. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीवरून यादी केली तर हे तिघे एकच दिसतात. त्यामुळे यादी पायी फिरूनच करायची, आणि गावठाणाबाहेरची वस्ती, तांडा, शेतातली घरं आधी घ्यायची. चावडीपासून सुरुवात केली की संध्याकाळपर्यंत डांबरी रस्ता संपतो आणि यादीही तिथेच संपते.

किती घरं गाठायची? समजा गावात ४०० घरं आहेत. एखादं प्रमाण दहा टक्क्यांच्या फरकाने, ९५ टक्के खात्रीने हवं असेल तर ७८ घरं पुरतात. फरक पाच टक्क्यांवर आणायचा तर १९६ लागतात. खूप मोठ्या लोकसंख्येसाठी हा दुसरा आकडा ३८४ असतो, पण गाव लहान असल्याने तो खाली येतो. देशपातळीवरच्या रोजगार पाहणीत २०२४ पर्यंत निवडलेल्या एका गावातून किंवा शहरी गटातून फक्त आठ घरं घेत होते. राज्याचा आकडा काढायला ते पुरतं. पण त्याच आठ घरांवरून त्या गावात ३० टक्के गरिबी आहे असं म्हणायचं झालं, तर दोन्ही बाजूंना सुमारे ३२ टक्क्यांची चूक संभवते. मग ते विधान न केलेलंच बरं. अमुक गावाची गरिबी सरकारी पाहणीतून सांगितली आहे असा दावा दिसला, की आधी घरांची संख्या विचारावी.

नमुना थरांतून घेतला तर आणखी एक चूक हटकून होते. समजा या ४०० घरांत १६० घरं कोयत्याची, म्हणजे ऊसतोड मजुरांची, आहेत, ४० नोकरदारांची आणि २०० इतर. प्रत्येक थरातून २६ घरं घेतली आणि त्यांत अनुक्रमे १३, १ आणि ८ गरीब निघाली. ७८ पैकी २२, म्हणजे २८ टक्के, असं उत्तर अनेक अहवालांत छापलं जातं. ते चूक आहे, कारण नोकरदारांची ४० घरं आणि कोयत्याची १६० घरं इथे सारख्याच वजनाने मोजली गेली. कोयत्याच्या थरातलं प्रत्येक घर गावातल्या सहाहून थोड्या जास्त घरांचं प्रतिनिधित्व करतं, नोकरदाराचं दीड घरांचं, इतरांचं साडेसात-पावणेआठ घरांचं. त्या वजनाने गुणलं की गरीब घरं सुमारे १४३, म्हणजे ३६ टक्के होतात.

काम करते की घरीच असते?

नवरा-बायकोच्या जोडीला ऊसतोडीत 'कोयता' म्हणतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, हिशोब कोयत्यावर होतो आणि मुकादमाच्या वहीत नाव असतं नवऱ्याचं. तिकडे बाई पहाटे कोपीत भाकरी थापून फडात जाते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून गाडीत भरते. इकडे गावात सासऱ्याला विचारलं, 'सूनबाई काय करतात?' तर उत्तर येतं, 'घरीच असते.'

रोजगाराच्या पाहणीत गेल्या ३६५ दिवसांतला जास्त काळ माणूस कशात होता ते पाहतात. त्याला मुख्य स्थिती म्हणतात. त्याखेरीज ३० किंवा जास्त दिवस केलेलं काम दुय्यम स्थितीत येतं. हिशोब करायचा तो दिवसांचा. ऊसतोडीच्या हंगामाचे १५० दिवस, घरच्या शेतात कापूस-सोयाबीनची पेरणी, खुरपणी, काढणी, वेचणी मिळून ५०, आणि दुसऱ्याच्या शेतात रोजाने १५. बेरीज २१५. वर्षाच्या निम्म्याहून जास्त दिवस ती कामात आहे, म्हणून मुख्य स्थितीनेच ती कामगार ठरते. प्रश्न विचारणाऱ्याने ही बेरीज केली नाही तर सांकेतिक क्रमांक ९३ पडतो: घरकाम, शिवाय सरपण, चारा वगैरे फुकट गोळा करणं. मग ती देशाच्या श्रमशक्तीतूनच बाहेर जाते.

'आठवड्याच्या स्थिती'चं माप वेगळं आहे. मागच्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास काम केलं असेल तर माणूस त्या आठवड्यात कामावर धरला जातो. मे महिन्यात आठवड्याभरात एकच रोज मिळालेली बाई या मापाने बेरोजगार नाही. २०२३-२४ मध्ये देशातली बेरोजगारी वार्षिक मापाने ३.२ टक्के होती आणि आठवड्याच्या मापाने ४.९ टक्के. एकाच पाहणीतले हे दोन आकडे दोघे जण हातात घेऊन वाद घालतात, तेव्हा दोघेही खरं बोलत असतात. १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी श्रमशक्तीत असलेल्यांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झालं. या वाढीचा मोठा भाग घरच्या शेतात किंवा धंद्यात राबणाऱ्या स्त्रियांचा आहे, आणि त्यांपैकी अनेकींच्या हातात त्या कामाचा रुपयाही येत नाही. काम वाढलं म्हणजे कमाई वाढली असं या आकड्यावरून म्हणता येत नाही.

उत्पन्न विचारायचं नसतं, जुळवायचं असतं

'वर्षाचं उत्पन्न किती?' या प्रश्नाला गावात एक ठरलेलं उत्तर आहे: चाळीस हजार. कारण महाराष्ट्रात अन्न सुरक्षा योजनेच्या प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वार्षिक ४४,००० रुपयांची मर्यादा आहे, शहरात ५९,००० ची. पाच माणसांच्या घराला ४४,००० म्हणजे माणशी महिन्याला ७३३ रुपये. इतक्यात कुणाचं भागत नाही हे दाखला मागणाऱ्यालाही कळतं आणि देणाऱ्यालाही. लोकांना खोटारडं म्हणण्यात अर्थ नाही, मर्यादाच तशी ठेवली आहे. पाहणी करणाऱ्याने तो प्रश्न गाळावा आणि उत्पन्न तुकड्या-तुकड्याने जुळवावं.

सगळ्यात जास्त चुका उचलीत होतात. हंगामाआधी मुकादम कोयत्याला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. ती मिळते त्या दिवशी कर्ज असते. ऊस तुटत जातो तसतशी तिची मजुरी होत जाते. उदाहरणापुरते आकडे घेऊ. उचल एक लाख. हंगाम १५० दिवसांचा, त्यात अवकाळी पाऊस, कारखान्याची बंदी, आजारपण वजा जाता तोड १२० दिवस. रोज दोन टन, टनाला ३६६ रुपये. मजुरी झाली ८७,८४०. म्हणजे हंगाम संपला तेव्हा १२,१६० रुपये बाकी निघाली, ती पुढच्या वर्षीच्या उचलीतून वळती होणार. आता प्रश्नावलीत 'उचल एक लाख' आणि 'मजुरी ८७,८४०' असं दोन्ही उत्पन्नात टाकलं की घर एकदम मध्यमवर्गीय होतं. 'हातात काय आलं?' एवढंच विचारलं तर उत्तर येतं 'काहीच नाही, उलट फिरलं', आणि उत्पन्न शून्य लिहिलं जातं. दोन्ही चूक. धरायची ती कामाची मजुरी, आणि बाकी वेगळ्या रकान्यात कर्ज म्हणून. हंगामात आठवडी बाजारासाठी मिळणारी खर्ची ही उचलीचाच भाग असते, तिला नवी कमाई समजू नये. खाड्याचा दंड कापला असेल तर तो मजुरीतून वजा करायचा.

वाढे विसरतात. उसाचे हिरवे शेंडे पेंढ्या बांधून चारा म्हणून विकले जातात. ही रोख बहुतेकदा बाईच्या हातात येते आणि त्यावर मीठ-मिरची चालते. ती पुरुषाला विचारून कळत नाही.

मग शेती. विक्रीचा आकडा म्हणजे उत्पन्न नव्हे. त्यातून बियाणं, खत, फवारणी, मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं, मळणी वजा करायची. घरी खायला ठेवलेली बाजरी-ज्वारी मात्र मिळवायची, आणि ती शेतावर मिळणाऱ्या भावाने, किराणा दुकानाच्या भावाने नव्हे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होतं. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३ आणि पिकांचे ३,७९८. सात-बारा नावावर असला तरी घर मजुरीवर चालतं, हे चित्र फक्त बीडचं नाही.

आपल्या घराचा हिशोब पुरा करू. तोडणीचे ८७,८४०, वाढे ८,०००, उन्हाळ्या-पावसाळ्यातला रोज १२,०००, शेतीतून खर्च वजा जाता ३०,०००, लाडकी बहीणचे १८,०००, केंद्र आणि राज्याच्या शेतकरी सन्मान योजनांचे मिळून १२,०००. एकूण १,६७,८४०. घरात नवरा-बायको, दोन मुलं, सासू. माणशी महिन्याला सुमारे २,८०० रुपये पडले.

रेषेच्या कोणत्या बाजूला?

गरिबीची रेषा आखण्याच्या कामात पुण्याचा हात जुना आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २,२५० उष्मांक मिळवून देणाऱ्या खर्चाला सीमा मानलं. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने उष्मांकाचा खुंटा सोडला आणि शिक्षण, औषधपाण्याचा खर्च जमेस धरला. तेंडुलकर पद्धतीने २०११-१२ मध्ये ग्रामीण महाराष्ट्राची रेषा माणशी महिना ९६७ रुपये होती, शहरी १,१२६. भाव तेव्हापासून साधारण दुपटीच्या घरात गेले आहेत, म्हणून आज ती १,९०० च्या आसपास धरावी लागेल. जुनी ९६७ ची रेषा आजच्या उत्पन्नाला लावली तर गावात गरीब शोधून सापडणार नाही.

आपलं घर तर १,९०० च्या वर आहे. पण सरकारी रेषा उत्पन्नाला लावत नाहीत, खर्चाला लावतात. उत्पन्न लोक सांगत नाहीत, ते हंगामी असतं, खर्च त्यामानाने सपाट असतो, हे खरं. पण खर्चातही खोच आहे. सासूच्या ऑपरेशनसाठी उचलीतले साठ हजार दवाखान्यात भरले, तर ते घराच्या खर्चात धरले जातात. माणशी महिना एक हजाराने खर्च वाढतो आणि घर कागदावर श्रीमंत होतं. कर्ज डोक्यावर आहे हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. म्हणून दवाखान्याचा खर्च वगळून आणि धरून, अशी दोन्ही उत्तरं काढलेली बरी.

खर्च किती दिवसांचा विचारला यानेही उत्तर बदलतं. भाजी, तेल, अंडी, मटण सात दिवसांचं विचारलं तर नीट आठवतं; महिन्याचं विचारलं तर कमी सांगितलं जातं. कपडे, चपला, शाळेची फी वर्षाची विचारायची, कारण ती रोज होत नाही. १९९९-२००० च्या पाहणीत एकाच घराला अन्नाचा खर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा दोन्ही विचारला गेला. पहिल्या उत्तराला जुळेल असंच दुसरं उत्तर लोक देत गेले, आणि आधीच्या वर्षांशी तुलना करताना गरिबी खरंच किती घटली यावर अर्थतज्ज्ञ पुढे कित्येक वर्षं भांडले. आता अन्न, नित्याच्या वस्तू-सेवा आणि टिकाऊ वस्तू यांसाठी घराला तीन वेगळ्या भेटी देतात, त्यामुळे नवे आकडे जुन्यांशेजारी ठेवता येत नाहीत. २०२३-२४ चा ग्रामीण भारताचा माणशी मासिक खर्च ४,१२२ रुपये निघाला, त्यातला काही भाग या मोजण्याच्या बदलाचाही आहे.

गरीब किती हे कळलं तरी रेषेपासून किती खाली, हे उरतंच. माणशी १,८५० रुपयांचं घर आणि ९५० रुपयांचं घर मोजणीत सारखंच. पहिल्याला माणशी शंभर रुपये दिले तर गावाची गरिबी एका घराने घटते. दुसऱ्याला माणशी शंभर दिले तर मोजणीत काहीच हलत नाही. म्हणून तूट रुपयांत मांडावी: पहिल्याला माणशी ५० कमी, दुसऱ्याला ९५०.

कोयत्याच्या घरासाठी याला एक पुरवणी लागते, ती महिन्यांची. वर्षाची सरासरी २,८०० असली तरी जून-जुलैत बियाणं, शाळा आणि किराणा एकदम येतात, हातात रोज नसतो. कुठल्या महिन्यात दुकानदाराची उधारी सर्वांत जास्त होती, ती कशातून फिटली, दागिना किंवा शेळी विकली का, आणि पुढच्या हंगामाची उचल कोणत्या महिन्यात घेतली, एवढं विचारलं तरी पुरे. ज्या घराने ती पावसाळ्यातच घेतली, त्याच्या रकान्यात वार्षिक उत्पन्नाशेजारी तो महिनाही लिहावा.