बीएमआर आणि रोजची कॅलरीची गरज: चिठ्ठीवरचा आकडा नेमका कशाचा?

व्यायामशाळेतल्या यंत्रावर उभे राहिले की वजनाबरोबर ‘बीएमआर’ नावाचा एक आकडा छापून मिळतो, आणि पुष्कळ जण तोच दिवसभराच्या खाण्याचा कोटा समजून दुसऱ्या दिवसापासून ताटातली भाकरी कमी करतात. आमच्या घरातही हा प्रयोग झाला. तिसऱ्या आठवड्यात चिडचिड, थकवा आणि रात्री अकराला फरसाणाचा डबा, असा त्याचा शेवट झाला.

बीएमआर म्हणजे मूलभूत चयापचय दर. सुमारे बारा तास पोटात काही नाही, झोप पुरेशी झाली आहे, माणूस जागा असूनही निश्चल पडून आहे आणि खोलीत ना उकाडा ना गारवा, अशा अवस्थेत हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे आणि मेंदू नुसते चालू ठेवण्यासाठी शरीर चोवीस तासांत जी ऊर्जा खर्च करील, तो हा आकडा. त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. थोडक्यात, दिवसभर अंथरुणातून न उठणाऱ्या माणसाचा हा हिशेब आहे.

रोजची एकूण गरज, जिला आहारतज्ज्ञ ‘टीडीईई’ म्हणतात, तिच्यात आणखी दोन खर्च मिळवावे लागतात. खाल्लेले अन्न पचवण्यातच त्यातली साधारण १० टक्के ऊर्जा जाते. उरलेला खर्च हालचालीचा, आणि त्यात व्यायामाइतकेच जिने चढणे, केर काढणे, लोकलमध्ये उभे राहणे हेही येते. बैठे काम करणाऱ्यांच्या एकूण खर्चात बीएमआरचा वाटा ६० ते ७० टक्के असतो.

४२ वर्षांची, ६२ किलो वजनाची आणि १५६ सेंटिमीटर उंचीची एक स्त्री घेऊ. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रानुसार वजनाची दहापट, अधिक उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, वजा १६१ (पुरुषांसाठी शेवटी अधिक ५) असे केल्यावर १२२४ कॅलरी येतात. काटेकोरपणे हा विश्रांतीतला खर्च आहे आणि तो बीएमआरपेक्षा किंचित जास्त असतो, पण घरगुती हिशेबात तो फरक सोडून देता येतो. ती दिवसभर खुर्चीत बसत असेल तर १.२ ने गुणून गरज १४६९ येते, थोडीफार हालचाल असेल तर १.३७५ ने १६८३ आणि आठवड्यातले बरेच दिवस चांगला व्यायाम होत असेल तर १.५५ ने १८९७. वजन उतरवायचे असेल तर तीनशे ते पाचशे कॅलरींची वजाबाकी या गुणाकारातून करायची असते, १२२४ मधून नव्हे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींतून हे अधिक ठसठशीत दिसते. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला बैठ्या कामासाठी १६६०, मध्यम श्रमांसाठी २१३० आणि जड श्रमांसाठी २७२० कॅलरी त्यांनी सांगितल्या आहेत. वजन तेच, तरीही गरजेत हजाराहून अधिक कॅलरींचा फरक पडतो.

माझ्या मते खरी गफलत सूत्रात कमी आणि गुणक निवडण्यात जास्त होते. सकाळी अर्धा तास फिरून उरलेला दिवस संगणकापुढे काढणारा माणूस स्वतःला बिनधास्त १.५५ मध्ये बसवतो, आणि वर मनगटी घड्याळाने दाखवलेल्या ‘जळालेल्या’ कॅलरी पुन्हा खाण्यात मिळवतो. असा एकच खर्च दोनदा धरला जातो. म्हणून सूत्राचे उत्तर सुरुवातीपुरते मानावे, दोन-तीन आठवडे खाणे लिहून ठेवावे आणि वजन रोज सकाळी एकाच वेळी पाहून आठवड्याची सरासरी काढावी. सरासरी स्थिर राहिली, तर त्या काळात रोज जेवढे खाल्ले तीच आपली गरज. गरोदरपणात किंवा मधुमेह, थायरॉइडसारख्या आजारांत मात्र हा हिशेब डॉक्टरांशी बोलूनच करावा.

लिहिताना पोळ्या मोजल्या जातात आणि फोडणी विसरली जाते. चौघांच्या घरात एक लिटरची तेलाची पिशवी दहा दिवसांत संपत असेल, तर माणशी रोज २५ मिलिलिटर तेल, म्हणजे दोनशेहून थोड्या जास्त कॅलरी होतात. वरच्या उदाहरणातल्या १.२ आणि १.३७५ या गुणकांमध्येही जवळजवळ तेवढेच अंतर आहे.